चर्चमधलं पुस्तकांचं दुकान आणि ‘मूळ रूप’ नावाची अडचण

जुन्या वास्तूवर संशोधन करायचं ठरवलं की प्रस्तावात हमखास एक वाक्य येतं: ‘वास्तूचे मूळ रूप जपले पाहिजे.’ माझ्याही पहिल्या मसुद्यात होतं. पण मूळ म्हणजे नेमकं कुठल्या सालचं?

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट शहरातलं डॉमिनिकन चर्च घ्या. १२९४ सालचं, गॉथिक शैलीतलं. १७९४ मध्ये फ्रेंच सैन्याने शहर घेतलं आणि थोड्याच काळात तिथली उपासना थांबली. म्हणजे साधारण पाचशे वर्षं चर्च. पुढची दोनशे वर्षं? गोदाम, कार्यक्रमांचा हॉल, चक्क सायकल स्टँड! २००६ मध्ये तिथे पुस्तकांचं दुकान आलं.

दुकानाला हवी होती सुमारे १,२०० चौरस मीटर जागा, जमिनीवर होती साधारण ७५०. मेर्क्स आणि गिरोड या वास्तुविशारदांच्या कार्यालयाने काय केलं बघा. चर्चच्या एका बाजूला पोलादाचं, जिन्याने वर चढत जाता येईल असं कित्येक मीटर उंच कपाट उभं केलं. ते स्वतःच्याच आधारावर उभं आहे. उद्या काढून नेलं तरी चर्च तसंच राहील. संवर्धनात याला ‘प्रत्यावर्ती’ हस्तक्षेप म्हणतात. माझ्यासारख्या विज्ञानातून आलेल्याला हा शब्द लगेच खटकतो, कारण प्रयोगशाळेत आपण तो इतका सैलपणे वापरत नाही. सामानाची साठवण आणि स्वच्छतागृहं तळघरात आहेत. पोलाद परत काढता येतं; तळघरासाठी उपसलेली माती मात्र थरांसकट परत रचता येत नाही, आणि पुरातत्त्वाचा पुरावा त्या थरांतच असतो.

दुसरा प्रश्न मला जास्त छळतो. भिंतीवरचं १३३७ चं थॉमस अ‍ॅक्वायनसचं चित्र आणि छतावरची १६१९ ची चित्रं जपली, याबद्दल कुणाची तक्रार नसणार. पण सायकल स्टँडच्या खुणा जपा, असं कोण म्हणेल? १९६४ ची व्हेनिस सनद तर सांगते की प्रत्येक काळाने वास्तूत घातलेल्या रास्त भरीचा आदर करा. हे ‘रास्त’ कोण ठरवणार? तुमचा प्रबंध इथे सुरू होऊ शकतो. तूर्तास एवढं करा: प्रस्तावात जिथे ‘मूळ’ लिहिलंय तिथे एक साल घाला, आणि तेच साल का, हे दोन ओळींत लिहून बघा. मला तीन आठवडे लागले.

आणि हो, २०१४ मध्ये दुकान चालवणारी साखळी दिवाळखोरीत गेली, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून ते वाचवलं. चर्च नव्हे, दुकान.