धोत्र्याच्या धुरापासून पंपापर्यंत

'दमा' हा शब्द आपण फारसीतून घेतला. दम म्हणजे श्वास. त्याआधीचे आपले नाव तमकश्वास. चरकसंहितेतील श्वासरोगाच्या पाच प्रकारांपैकी हा एक. रोगी आडवा झाला की घुसमटतो, उठून बसला की त्यास बरे वाटते. ढगाळ हवा, थंडी व पूर्वेचा वारा यांनी व्याधी वाढते. ज्या घरात दमेकरी आहे तेथे हे वर्णन आजही पटावे.

उपायांची वाट मात्र वाकडी आहे. धोत्र्याचा धूर ओढण्याची चाल हिंदुस्थानात जुनी. मद्रासेतील डॉ. जेम्स अँडरसन यांच्याकडून ती जनरल जेंट यांना कळली आणि 1802 साली त्यांनी ती ब्रिटनमध्ये नेली. पुढे शतकाहून अधिक काळ दमेकऱ्यांसाठी धोत्र्याच्या सिगारेटी युरोपात विकल्या गेल्या. शंकराला वाहावयाची वनस्पती साहेबाच्या औषधालयात पोचली, असेच म्हणावयाचे! धोत्र्यातील अ‍ॅट्रोपीन श्वासनलिकांचे आवळलेले स्नायू सैल करते. आज नेब्युलायझरमध्ये घालतात ते इप्राट्रोपियम याच अ‍ॅट्रोपीनपासून घडविलेले. (धोत्रा विषारी आहे, घरी प्रयोग नकोत.)

1956 साली मापून फवारा देणारा पंप अमेरिकेत निघाला. तोही स्नायू सैल करणाऱ्या औषधांचाच. दोन-तीन मिनिटांत मोकळे वाटे, म्हणून रोगी तो वारंवार ओढू लागले. आणि 1960 नंतर इंग्लंड व वेल्समध्ये दम्याचे मृत्यू एकाएकी वाढले. तीव्र मात्रेच्या आयसोप्रिनॅलिनच्या पंपांवर संशय गेला, इशारे दिले गेले, तेव्हा आकडे उतरले. त्या औषधाचा दोष किती आणि डॉक्टरकडे जाण्यास झालेल्या विलंबाचा किती, यावर पुढेही वाद झाला. आमच्या मते दुसऱ्या कारणाकडे अधिक पाहावयास हवे होते.

कारण दम्याचे मूळ केवळ आकुंचनात नाही. श्वासनलिकांच्या अस्तरास कायम सूज असते, त्रास नसतानाही. ती उतरविणारे बेक्लोमेथासोन 1972 साली ब्रिटनमध्ये पंपातून मिळू लागले. आपल्या वडीलधाऱ्यांना धास्ती वाटते ती नेमकी याच पंपाची. 'सवय लागेल', 'स्टेरॉइड आहे', 'मुलीचे लग्न जमणार नाही' ही वाक्ये आम्ही हैदराबादेतील जुन्या मराठी घरांत वर्षानुवर्षे ऐकली. तीच मंडळी मृगाच्या दिवशी नामपल्लीच्या मैदानावर तोंडात औषध भरलेला जिवंत मासा गिळण्यासाठी रांगेत उभी राहत. श्रद्धेविषयी आम्हांस बोलावयाचे नाही. पण रोजचा पंप त्यापायी सुटू नये.

धास्तीला हिशेबाने उत्तर देता येते. जोराच्या झटक्यात स्टेरॉइडच्या गोळ्या दिवसाला 40 मिलिग्रॅम, म्हणजे 40,000 मायक्रोग्रॅमपर्यंत देतात. पंपाच्या एका फवाऱ्यात साधारण 100 ते 200 मायक्रोग्रॅम असतात, तेही थेट छातीत. 2019 साली 'जिना' या आंतरराष्ट्रीय संस्थेने तर प्रौढांना व किशोरांना नुसत्या तात्पुरत्या आरामाच्या पंपावर ठेवू नये, त्यासोबत सूज उतरविणारे औषध असावेच, असे सांगितले. हा पंप स्पेसर लावून ओढावा आणि नंतर चूळ भरावी, म्हणजे तोंड येत नाही.