जुन्या आवृत्तीला निरोप

श्रोतेहो, संगणकाला काम सांगायच्या भाषांपैकी एक म्हणजे पायथन. तिच्या आधारावर नमपाय नावाचा आकडेमोडीचा संच उभा आहे. तो कुणीही फुकट घ्यावा, उघडून पाहावा, सुधारावा.

डिसेंबर २००८ मध्ये पायथनची तिसरी आवृत्ती निघाली, आणि पंचाईत झाली. पाचाला दोनांनी भागले तर जुनी आवृत्ती उत्तर देई दोन. नवी देऊ लागली अडीच. मग जुने लिखाण नवीवर चालावे कसे? जुनी आवृत्ती २०१५ मध्ये थांबायची होती. पण लोकांची तयारी नव्हती, म्हणून २०१४ मध्ये ही मुदत २०२० पर्यंत वाढवली.

तोवर नमपायच्या मंडळींना दोन्ही घरे सांभाळावी लागली. एकेक दुरुस्ती दोन्हीकडे तपासायची! अखेर २०१७ मध्ये त्यांनी आगाऊ वर्दी दिली. जानेवारी २०१९ ची १.१६ ही जुनीवर चालणारी शेवटची मालिका ठरली. जुलैतली १.१७ फक्त तिसरीवर चाले. तरी १.१६ ची डागडुजी वर्षअखेरपर्यंत करण्याचे त्यांनी ठरवले होते.

गुरुजनहो, जुने कधीतरी सोडावेच लागते. पण आधी सांगावे, मुदत द्यावी, मग सोडावे. म्हणजे मागे राहिलेल्याची वाट तुटत नाही.