मतदान यंत्रावरील अंक : एक ऐतिहासिक टिपण

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षी मे महिन्यात केरळातील परवूर येथे इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्र प्रथम वापरले गेले. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत ते देशभर, या वनप्रदेशातही, पोहोचले.

मतमोजणीत यंत्राच्या दर्शकावर अंक उमटतात. परंतु मायक्रोकंट्रोलर संख्या द्विमान पद्धतीने साठवितो. ३४७ दर्शविण्यासाठी तिला पुनःपुन्हा १० ने भागल्यास ७, ४, ३ या बाक्या मिळतात. त्या उलट क्रमाने मांडून प्रत्येकीस अंकचिन्ह दिले जाते. मतपत्रिकांची मोजणी डोळ्यांदेखत होत असे. हे रूपांतर मात्र अदृश्य असते. २०१९ मध्ये प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो : दर्शकावरील अंकाला पुन्हा मानवी हातांच्या मोजणीची साक्ष लाभली.