अक्कदचा विनाश : शाप आणि अवर्षण

इ.स.पू. २३३४च्या सुमारास सारगॉनने स्थापिलेल्या अक्कदच्या साम्राज्यात दोन भिन्न हवामानांचे प्रदेश एका सत्तेखाली आले. दक्षिणेकडील सुमेरची शेती कालव्यांच्या पाण्यावर, तर उत्तरेकडील खाबूर खोऱ्याची शेती भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या हिवाळी पावसावर अवलंबून होती. १९९३ मध्ये हार्वी वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेल लैलान येथील उत्खननाच्या आधारे असे प्रतिपादन केले, की इ.स.पू. २२००च्या सुमारास ओढवलेल्या दीर्घ अवर्षणामुळे ही उत्तरेकडील वसाहत ओस पडली. पुढे ओमानच्या आखाताच्या तळातील गाळात त्याच काळातील वाढलेल्या धुळीचा थर आढळला. मात्र तेल मोझान येथील वस्ती टिकून राहिली. त्यामुळे हा सिद्धान्त सरसकट लागू पडत नाही.

‘अक्कदचा शाप’ हे सुमेरी काव्य याच विनाशाची वेगळी कारणमीमांसा करते. नराम-सिनने एन्लिलचे एकुर हे मंदिर उद्ध्वस्त केले, म्हणून देव कोपले. शेते पिकेनाशी झाली, ढग बरसेनासे झाले, असे त्यात वर्णिले आहे. प्रत्यक्षात तत्कालीन प्रशासकीय लेखांतून नराम-सिन आणि त्याचा पुत्र शार-काली-शारी यांनी एकुरची पुनर्बांधणी केल्याचे दिसते. साम्राज्य कोसळले तेही नराम-सिनच्या कारकिर्दीनंतर. अर्थात, काव्यातील अवर्षण हा हवामानाचा वृत्तान्त नसून राजाच्या अपराधाचे फलित आहे.

इजिप्तमध्ये पावसाचा स्रोतच निराळा होता. नाईलचा पूर इथिओपियाच्या पठारावरील उन्हाळी पावसावर अवलंबून असे. प्राचीन राज्याच्या ऱ्हासानंतर अंख्तिफी या प्रांताधिपतीच्या मोअल्ला येथील थडग्यात दुष्काळाचे भीषण वर्णन कोरलेले आहे. परंतु तेथे दुष्काळ ही शिक्षा नाही, तर धान्य वाटणाऱ्या अधिपतीच्या थोरवीची पार्श्वभूमी आहे.

एकाच आपत्तीला विलापकाव्य पापाशी जोडते, तर समाधिलेख पुण्याशी. म्हणून या संहितांना पर्जन्याची नोंदवही मानणे जितके चुकीचे, तितकेच त्यांना निव्वळ कल्पना ठरवून बाजूस सारणेही. २०१८ मध्ये मेघालयातील मॉम्लूह गुहेच्या चुनखडी निक्षेपावरून सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीपासूनच्या कालखंडास ‘मेघालयन’ ही संज्ञा मिळाली. गुहेतील निक्षेप पाऊस केव्हा ओसरला ते सांगतो. त्या ओसरण्याचा दोष कोणाच्या माथी मारला गेला, हे मात्र संहितेतूनच उमगते.