‘गरम’ या शब्दाचं गणित

चहा ‘गरम’ आहे असं आपण म्हणतो, तेव्हा तो नेमका किती अंशांचा? ६० अंशांना गरम आणि ५९ ला नाही, असं कुणी म्हणत नाही. पण जुनं संचगणित हेच म्हणायला लावतं: घटक संचात आहे, किंवा नाही.

१९६५ मध्ये बर्कलीच्या लॉत्फी झादे यांनी ‘फझी सेट्स’ हा निबंध लिहिला. बाकूत जन्मलेल्या या विद्युत अभियंत्याने सुचवलं, की सदस्यत्वाला ० ते १ मधली कोणतीही किंमत असू द्या. मग आपला चहा ०.७ इतका ‘गरम’. ही संभाव्यता नव्हे, बरं का! तापमान मोजलेलं आहे. सैल आहे तो ‘गरम’ हा शब्द.

टीका खूप झाली. रुडॉल्फ काल्मन यांच्यासारख्या दिग्गजाला यात वैज्ञानिक शिस्त दिसेना. उत्तर लंडनमधून आलं. १९७० च्या दशकात इब्राहिम ममदानी आणि त्यांचे विद्यार्थी असिलियान यांनी प्रयोगशाळेतलं वाफेचं इंजिन ‘दाब कमी असेल तर उष्णता वाढवा’ अशा शाब्दिक नियमांवर चालवलं. पुढे डेन्मार्कमध्ये सिमेंटची भट्टी, १९८७ मध्ये जपानात सेंदाईची भुयारी रेल्वे.

भट्टीवरच्या माणसाला समीकरण मांडता येत नसेल, पण भट्टी कळत होती. ते ज्ञान गणितात आलं. मात्र हे ०.७ ठरवलं कुणी, हा प्रश्न वैद्यक असो की भूगोल, विचारायलाच हवा. आकडा आला म्हणून संदिग्धता संपत नाही. ती फक्त उघडपणे मांडली जाते.