शिर्डीचा ‘एसएजी’ : विमानतळांच्या संकेताक्षरांची कथा

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या कोपरगाव तालुक्यात काकडी नावाचे गाव आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी या गावाच्या शिवारात शिर्डी विमानतळ सुरू झाला. तिथे येणाऱ्या प्रवाशाच्या बॅगेला जी चिठ्ठी बांधतात, तिच्यावर ठळक अक्षरांत ‘एसएजी’ असे छापलेले असते. वैमानिकाच्या उड्डाण-योजनेत मात्र याच जागेसाठी ‘व्हीएएसडी’ असे लिहितात. जमीन काकडीची, नाव शिर्डीचे आणि संकेत दोन! हा काय प्रकार आहे?

त्यासाठी आपल्याला १९३०च्या दशकातल्या अमेरिकेत जावे लागेल. तिथल्या हवामान खात्याने शहरांसाठी दोन-दोन अक्षरी खुणा ठरवल्या होत्या. नव्या विमान कंपन्यांनी त्याच उसन्या घेतल्या. पण रोमन लिपीची अक्षरे २६. त्यांच्या जोड्या होतात २६ × २६, म्हणजे फक्त ६७६. विमानतळ वाढू लागले तशा या जोड्या अपुऱ्या पडल्या आणि तिसरे अक्षर आले. आता १७,५७६ संकेत मिळू शकत होते. जुन्या ठिकाणांना नुसते एक ‘एक्स’ चिकटवले गेले. लॉस एंजेलिसचे ‘एलए’ होते, त्याचे ‘एलएएक्स’ झाले. त्या ‘एक्स’ला अर्थ काहीच नाही!

एप्रिल १९४५ मध्ये हवाना येथे विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, ‘आयाटा’, स्थापन झाली. तीन अक्षरी संकेत आज हीच संस्था देते. एखाद्या विमानतळावर सेवा सुरू करायची असली की सहसा विमान कंपनी तशी मागणी करते. तिकीट, सामान आणि वेळापत्रक यांसाठी हे संकेत वापरतात. अक्षरे गावाच्या नावाशी जुळली तर उत्तम, पण तशी सक्ती नाही. ती दुसऱ्या चालू विमानतळाची नसावीत, ही खरी अट.

लहान विमानतळांची अडचण इथेच होते. उशिरा येणाऱ्याला उरलेल्यातून निवडावे लागते. ‘नगर’ म्हणताच सुचणारे ‘एनएजी’ नागपूरचे आहे. ‘एएमडी’ अहमदाबादचे. शिर्डीसाठी ‘एसएचआय’ सुचावे, तर ते जपानमधल्या शिमोजी बेटाचे. ‘एसएआय’ आज कंबोडियातल्या सिएम रीप-अंगकोर विमानतळाकडे आहे. भारतातल्या पुष्कळ ठिकाणांना तर ‘आयएक्स’ने सुरू होणारे संकेत मिळाले : लेह ‘आयएक्सएल’, बेळगाव ‘आयएक्सजी’, औरंगाबाद ‘आयएक्सयू’. यांत गावाची ओळख सांगणारे फार तर शेवटचे एक अक्षर.

चार अक्षरी संकेतांची रीत निराळी आहे. १९४४च्या शिकागो करारातून ‘इकाओ’ ही आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना जन्मली आणि १९४७ मध्ये तिचे काम रीतसर सुरू झाले. तिने जगाचे विभाग पाडून प्रत्येकाला आरंभीची अक्षरे दिली. पुढची अक्षरे त्या त्या देशाने ठरवायची. भारतात पश्चिमेला ‘व्हीए’, उत्तरेला ‘व्हीआय’, पूर्वेला ‘व्हीई’ आणि दक्षिणेला ‘व्हीओ’. म्हणून मुंबई ‘व्हीएबीबी’ आणि शिर्डी ‘व्हीएएसडी’. गंमत अशी, की सिंधुदुर्ग महाराष्ट्रातच असूनही त्याचा संकेत ‘व्हीओएसआर’ आहे! राज्याच्या सीमा आकाशातल्या विभागणीला बांधील नाहीत. पिनकोडप्रमाणे इथे आरंभीची खूणच प्रदेश सांगते. हवामानाचे वृत्त किंवा धावपट्टी बंद असल्याची सूचना या संकेताच्या आधारे पाठवली जाते. ती चुकून दुसरीकडे गेली, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो.

नुसत्या नावावर विसंबले तर काय होते? २००२ साली ब्रिटनमधले एक तरुण जोडपे ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला निघाले आणि पोहोचले कॅनडातल्या सिडनीला. नाव एकच होते, संकेत मात्र वेगळे : एक ‘एसवायडी’, दुसरा ‘वायक्यूवाय’. तिकिटावरची तीन अक्षरे खरेच बोलत होती.

नाव बदलले तरी संकेत सहसा बदलत नाही, तो याच कारणाने. बॉम्बेचे १९९५ मध्ये मुंबई झाले, पण ‘बीओएम’ राहिले. मद्रासचे १९९६ मध्ये चेन्नई झाले, ‘एमएए’ राहिले. लेनिनग्राडचे १९९१ मध्ये पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झाले, तरी ‘एलईडी’ कायम आहे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाल्यावरही ‘आयएक्सयू’च चालते. नावामागे लोकांच्या भावना असतात, इतिहासाविषयीचे वाद असतात. संकेताचे काम एवढेच, की त्याने जगात एकाच जागेकडे बोट दाखवावे. जगभरच्या तिकीट-यंत्रणांत आणि नकाशांत रुजलेली खूण वारंवार बदलणे म्हणजे गोंधळाला आमंत्रण. रसायनशास्त्रात आपण सोडियम म्हणतो आणि ‘एनए’ लिहितो, कारण ते चिन्ह ‘नेट्रियम’ या लॅटिन नावावरून आले आहे. तिथेही न्याय हाच.

हा विषय वर्गात सहज करून पाहता येईल. जिल्ह्यातल्या वीस गावांना विद्यार्थ्यांनी तीन-तीन रोमन अक्षरे द्यावीत. दोन गावांना एकच संकेत नको, एवढाच नियम. राहाता आणि राहुरी, कोपरगाव आणि कोल्हार येथे लगेच वाद होईल. ‘आरएएच’ कोणाला द्यायचे? पहिल्या मागणाऱ्याला, की मोठ्या गावाला? आणि दुसऱ्याचे काय? विद्यार्थी हे नियम ठरवू लागले, की एखादी प्रमाण पद्धती कशी घडते आणि शिर्डीच्या वाट्याला सहज सुचणारी अक्षरे का आली नाहीत, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.