शिशाचा गळ, रंगाची पूड आणि तीन तापमानं



पीएच.डी.च्या तयारीत असलेल्या मुलामुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो : ‘रिसर्च गॅप’ शोधायचा कसा? बहुतेक जण शंभर पेपर वाचतात, एक्सेलमध्ये तक्ता करतात आणि कोणी काय केलेलं नाही त्याची यादी काढतात. यादी लांब होते, पण प्रश्न काही सापडत नाही. आज आपण उलट्या बाजूने जाऊ. एक अगदी छोटं तंत्र घेऊ, त्याचा इतिहास बघू आणि प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट विचारू : इथे नेमका कोणता प्रश्न सोडवला गेला, आणि कोणता सुटून गेला?

तंत्र आहे मासे पकडायच्या गळाला पावडरचा रंग देण्याचं. हसू नका, यात पॉलिमर केमिस्ट्री आहे, केमिकल इंजिनिअरिंग आहे आणि शेवटी एका पक्ष्याच्या जिवाचा प्रश्नही आहे.

आधी वस्तू समजून घ्या

अमेरिकेत, विशेषतः ग्रेट लेक्सच्या आसपासच्या राज्यांत, गोड्या पाण्यात हौसेने मासेमारी करणारे लोक ‘जिग’ नावाचा गळ वापरतात. जिग म्हणजे मानेला शिशाचं छोटं डोकं ओतलेला गळ. तो तळापर्यंत सोडायचा आणि दोरीला हलके झटके देत खालीवर नाचवायचा. माशाला तो जिवंत भक्ष्य वाटतो. डोकं साधारण 7 ग्रॅमचं, म्हणजे पाव औंसाचं, किंवा त्याहून लहान. बरेच जण ते घरीच ओततात. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे साध्या विजेच्या शेगडीवरच्या भांड्यात काम होतं. ॲल्युमिनियमच्या साच्यात गळ ठेवायचा आणि वरून शिसं ओतायचं.

अडचण पुढे येते. जिग तळाच्या दगडांवर आपटतच राहतो. ब्रशने दिलेला रंग वरवर सुकलेला असतो, दोनचार तासांत त्याचे टवके उडतात. मच्छिमाराचा प्रश्न साधा होता : टवका न उडणारा रंग कसा द्यायचा?

उत्तर त्याच्या गावात आधीच तयार होतं, फक्त वेगळ्या धंद्यात. आपल्याकडे कुठल्याही एमआयडीसीत ‘पावडर कोटिंग’ अशी पाटी दिसते. खिडक्यांच्या ॲल्युमिनियम चौकटी, लोखंडी कपाटं, सायकलींच्या फ्रेम यांना जो कडक रंग असतो, तोच हा.

पूड पाण्यासारखी वागते

आता थोडं मागे जाऊ. 1922 मध्ये जर्मनीत फ्रिट्झ विंकलर यांनी कोळशापासून वायू बनवण्याच्या एका पद्धतीचं पेटंट घेतलं. बारीक कणांच्या थराखालून वायू वर सोडला आणि वेग पुरेसा ठेवला, तर कण एकमेकांपासून सुटतात आणि सगळा थर उकळत्या पाण्यासारखा हलू लागतो. 1926 मध्ये लॉयना इथे या तत्त्वावरचा मोठा संच चालू झाला. विंकलर यांचा प्रश्न होता, कोळसा आणि वायू यांचा संपर्क वाढवायचा कसा?

पुढे अमेरिकेत पेट्रोल शुद्धीकरणात हेच तत्त्व आलं. एमआयटीतले ल्युइस आणि गिलिलँड हे दोघे त्या कामातले महत्त्वाचे लोक. मे 1942 मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूज इथे पहिला व्यावसायिक ‘फ्लुइड कॅटॅलिटिक क्रॅकिंग’ संच सुरू झाला. इथे प्रश्न वेगळा होता : उत्प्रेरकावर कार्बन साचतो, तर त्याला न थांबता बाहेर काढून, जाळून स्वच्छ करून परत आत कसं पाठवायचं? पूड द्रवासारखी वाहते म्हटल्यावर ती पाइपातून फिरवता आली.

1950 च्या दशकात जर्मनीतल्या क्नापझाक-ग्रीसहाइम या कंपनीत एर्विन गेमर यांनी तिसरा प्रश्न विचारला. प्लॅस्टिकची पूड ज्योतीतून धातूवर फवारायची पद्धत तेव्हा माहीत होती, पण तिने थर एकसारखा बसत नसे. गेमर यांनी प्लॅस्टिकची पूड हवेवर तरंगती ठेवली आणि तापवलेली वस्तू तिच्यात बुडवली. वस्तूला लागलेली पूड वितळून चिकटली, उरलेली तशीच मोकळी राहिली. 1953 मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि अमेरिकेतलं पेटंट 1958 मध्ये मिळालं.

बघा, तीन ठिकाणी भौतिकशास्त्र एकच आहे : हवेवर तरंगणारी पूड. प्रश्न मात्र तीन आहेत. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये आपण ‘विंकलर 1922, क्रॅकिंग 1942, गेमर 1953’ अशी रांग लावतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, एकातून दुसरं आपोआप निघालं. तसं नसतं. दोन गोष्टी सारख्या दिसतात म्हणून एक दुसरीची आई ठरत नाही. वंशावळ सांगायची तर पत्र, अहवाल किंवा पेटंटमधला उल्लेख दाखवावा लागतो. व्हायवात इथेच पकडतात.

कारखाना पुढे गेला, गॅरेज मागेच राहिलं

1960 च्या दशकात उद्योगाने वाट बदलली. पुडीला विद्युतभार देऊन बंदुकीतून फवारायची आणि अर्थिंग केलेल्या थंड वस्तूवर चिकटवायची, ही पद्धत आली. थर पातळ झाला आणि खाली सांडलेली पूड परत वापरता आली. शिवाय या रंगात द्रावक नसतो. लॉस एंजेलिसने 1966 मध्ये ‘रूल 66’ करून द्रावकांच्या वाफांवर मर्यादा घातली, तसा पावडरचा भाव आणखी वधारला.

हौशी मच्छिमाराला मात्र बंदूक आणि कॉम्प्रेसर नको होते. त्याला सोयीची होती गेमर यांचीच जुनी पद्धत : वस्तू तापवा आणि पुडीत बुडवा. एखादं तंत्र जुनं झालं म्हणजे संपलं, असं नसतं. मोठ्या जागेतून ते उठतं आणि छोट्या जागेत नांदतं. शोधाच्या तारखा मोजण्यापेक्षा कोण काय वापरतं ते मोजा, असं तंत्रज्ञानाचे इतिहासकार डेव्हिड एजर्टन सांगतात, ते यासाठीच.

गॅरेजमधला संच असा असतो : प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडा, तळाला कॉफीचा फिल्टर पेपर आणि खालून हवा द्यायला मासे पाळायच्या टाकीचा पंप. एवढासा पंप पुरतो का? हिशेब करून बघू. पाइपाचा व्यास 5 सेंटिमीटर म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 19.6 चौरस सेंटिमीटर. आत 100 ग्रॅम पूड. थर तरंगायला लागणारा दाब म्हणजे पुडीचं वजन भागिले क्षेत्रफळ. उत्तर येतं सुमारे 500 पास्कल, म्हणजे 5 सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतकं. दीड-दोन फूट खोल टाकीच्या तळाला बुडबुडे सोडणाऱ्या पंपाला हे सहज जमतं, फिल्टर पेपरचा अडथळा धरूनही.

तरी कधीकधी पूड उठत नाही. हवा एकाच जागी भोक पाडून निघून जाते आणि बाकीची पूड ढिम्म बसून राहते. मग लोक पाइपाला टिचक्या मारतात, काडीने ढवळतात. याचं कारण 1973 मध्ये डेरेक गेल्डार्ट यांनी केलेल्या पुडींच्या वर्गीकरणात आहे. रंगाच्या पुडीचे कण बहुतेक वेळा 30-40 मायक्रॉनच्या आसपास असतात. त्याहून बारीक कण एकमेकांना इतके चिकटतात की हवा त्यांना सोडवू शकत नाही. गेल्डार्टच्या ‘ए’ गटातल्या पुडी छान तरंगतात, ‘सी’ गटातल्या चिकटून बसतात, आणि रंगाची पूड या दोघांच्या सीमेवर येते. टिचकी मारणारा मच्छिमार हाच पेपर हाताने वाचत असतो म्हणा ना!

चमक म्हणजे क्युअर नव्हे

गळ हॉट एअर गनने काही सेकंद तापवायचा, पुडीत क्षणभर बुडवायचा आणि बाहेर काढायचा. पूड वितळते, पृष्ठभाग गुळगुळीत होतो, रंग चमकतो. काम झालं असं वाटतं, पण झालेलं नसतं.

आजची बहुतेक रंगाची पूड थर्मोसेट प्रकारची असते. शंभरेक अंशांच्या आसपास ती मऊ होऊन पसरते. ही झाली भौतिक क्रिया. साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी जोडल्या जातात त्या नंतर, ओव्हनमध्ये साधारण 175 अंशांना 15-20 मिनिटं ठेवल्यावर. ओव्हन वगळला तर रंग दिसतो उत्तम आणि दगडावर आपटला की पूर्वीसारखाच उडतो. (हा ओव्हन स्वयंपाकाचा नसावा. त्यात शिसं जाणार आहे.)

आता तीन तापमानं शेजारी ठेवा : पूड मऊ होते सुमारे 100 अंशांना, क्युअर होते 175 ला, शिसं वितळतं 327 ला. मधे दीडशे अंशांची ऐसपैस जागा आहे. ओव्हन थोडा वरखाली झाला तरी काही बिघडत नाही. टवके उडण्याचा प्रश्न सुटला तो या जागेमुळे, पण हे कुणाला वेगळं लिहून ठेवावंसं वाटलं नाही. शिसं होतंच, ते गृहीत होतं.

लून पक्ष्याचा प्रश्न

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या तळ्यांत लून नावाचा बुडी मारणारा पक्षी राहतो. अन्न दळण्यासाठी तो तळाचे खडे गिळतो. ते त्याच्या पेषणीत, म्हणजे जाड स्नायूंच्या जठरात, राहतात. खड्यांबरोबर किंवा गळ अडकलेल्या माशाबरोबर शिशाचा जिगही पोटात जातो. एकच लहान जिग पक्ष्याला मारायला पुरतो. न्यू हॅम्पशायरमधल्या एका दीर्घ अभ्यासात 1989 ते 2012 या काळात मृत सापडलेल्या प्रौढ लूनांपैकी सुमारे निम्मे शिशाच्या मासेमारी साहित्याने मेलेले निघाले.

मग रंगवलेला जिग सुरक्षित का नाही? कारण रंगाची परीक्षा झाली होती ती दगडावर आपटण्याची. पेषणीत आम्ल आहे आणि दिवसरात्र चालणारं खड्यांचं जातं आहे. थर कितीही चांगला क्युअर झालेला असला तरी तिथे झिजतोच, आणि खाली शिसं असतंच.

कायद्यालाही हे कळायला वेळ लागला. मेन राज्याने आधी छोट्या, न रंगवलेल्या शिशाच्या जिगवर बंदी आणली. रंगवलेले जिग सुटले. 2023 मध्ये कायदा बदलून ही सूट काढली गेली : सप्टेंबर 2024 पासून रंगवलेल्या जिगची विक्री बंद आणि वापरबंदीसाठी सप्टेंबर 2026 ही तारीख. शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये 1 औंसापर्यंतच्या शिशाच्या जिगवर 2016 पासूनच बंदी आहे.

आणि इथे खरा गॅप दिसतो

तुम्ही म्हणाल, शिसं काढा, दुसरा धातू घाला. घालू या. घरी ओतायला सोपं म्हणून बिस्मथ आणि कथील यांचा मिश्रधातू घेतात. 58 टक्के बिस्मथ आणि 42 टक्के कथील घेतलं तर तो वितळतो 138 अंशांना. पुन्हा तीन तापमानं शेजारी ठेवा : 100, 175, 138. पूड क्युअर व्हायच्या आधीच जिगचं डोकं ओव्हनच्या तळाशी थेंब होऊन पडेल!

नुसतं कथील घेतलं तर ते वितळतं 232 ला. चालेल, पण त्याची घनता शिशाच्या दोन तृतीयांशाहून कमी, त्यामुळे त्याच साच्यात डोकं तेवढंच हलकं होतं आणि तळाला जायला वेळ लावतं. टंग्स्टन शिशाहून खूप जड आहे, पण तो घरी कोणी वितळवू शकत नाही. म्हणजे एक धातू बदलला आणि साचा, वजन, पूड, ओव्हन सगळं पुन्हा उघडलं. 138 अंशांच्या बऱ्याच खाली क्युअर होणारी, तरीही दगडावर टिकणारी पूड हवी : हा आहे प्रश्न. तो ‘कोणी काय केलेलं नाही’ या यादीतून आलेला नाही. जुन्या उत्तराने काय गृहीत धरलं होतं, ते तपासल्यावर तो समोर आला.

म्हणून तुमच्या विषयातलं एक नेहमीचं तंत्र घ्या, लॅबमधलं साधं रोजचंही चालेल, आणि वहीत चार ओळी लिहा. पहिली, ते कोणत्या प्रश्नासाठी निघालं. दुसरी, ते कोणत्या आकड्यांच्या जोरावर चालतं. तिसरी, त्यात काय गृहीत धरलं आहे. चौथी, ते गृहीत बदलावं लागलं तर सर्वांत आधी काय मोडेल. चौथ्या ओळीपाशी तुम्ही अडलात, तर तिथेच थांबा आणि गाइडकडे जाताना ती वही सोबत न्या.